जुन्या आर्केड कॅबिनेटच्या कडेची प्लास्टिकची पट्टी गोव्यात कुठे मिळेल?

आपण विचारले आहे की, मडगावात घेतलेल्या एका जुन्या आर्केड कॅबिनेटच्या, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या उभ्या पेटीच्या, कडांची पट्टी कडक होऊन जागोजागी तुटली आहे, तर तशीच नवी पट्टी गोव्यात कुठे मिळेल. म्हापशाला एका बंद पडलेल्या तावेर्नातून (दारूच्या गुत्त्यातून) मिळालेले असेच कॅबिनेट मी दुरुस्त केले आहे, त्यामुळे प्रत्यक्ष अनुभवावरून सांगतो.

दुकानात जाण्याआधी जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा उपसून सोबत घ्यावा. कापलेल्या टोकाकडून पाहिले तर तो इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो. त्याची आडवी बाजू फळीची कड झाकते, उभी दांडी कडेच्या मधोमध कोरलेल्या खाचेत शिरते आणि दांडीवरचे तिरके काटे पट्टीला बाहेर येऊ देत नाहीत. तिचे मूळ नाव टी-मोल्डिंग असले तरी आपल्याकडचे फर्निचरवाले तिला टी-बीडिंग किंवा टी-प्रोफाइल म्हणतात. नुसते ‘कडेची पट्टी’ म्हटले की दुकानदार एज बँडची सपाट, गोंदाने चिकटवायची फीत पुढे करतो. ती घेऊ नये. तिला दांडी नसल्यामुळे खाच आत पोकळ राहते आणि सगळा भार गोंदावर पडतो, जो आपल्या पावसाळ्यात मला भरवशाचा वाटत नाही.

मापाची अडचण अशी की अमेरिकी कॅबिनेटच्या फळ्या बहुधा पाऊण इंचाच्या, म्हणजे १९.०५ मि.मी. असतात, काही पाच अष्टमांश इंचाच्या, म्हणजे साधारण १५.९ मि.मी. असतात, आणि आपल्याकडे ऑफिसच्या टेबलांसाठी मिळणारे टी-प्रोफाइल १८ किंवा २५ मि.मी.च्या फळ्यांना बेतलेले असते. १८ची पट्टी १९च्या फळीवर बसते खरी, पण दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा मिलिमीटर उघडी रेघ राहते आणि तिथूनच पाणी आत जाते. म्हणून पट्टी थोडी रुंद मिळाली तरी चालेल, कारण जास्तीचा भाग धारदार पात्याने फळीच्या पातळीत छाटता येतो. अरुंद पट्टी मात्र घेऊ नये. फळीची जाडी व्हर्निअर कॅलिपरने खांद्याच्या उंचीवर मोजावी, कारण तळाशी पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) ओल पिऊन फुगलेला असतो. माझ्या कॅबिनेटच्या तळाची कड २३ मि.मी. भरली होती, वरची १९.

गोव्यात म्हापसा, मडगाव आणि फोंडा येथील प्लायवूडच्या दुकानांत मला हवे ते माप मिळाले नाही, पण एका दुकानदाराने नमुना ठेवून घेऊन बेळगावहून काळी पट्टी मागवून दिली. मॉड्युलर फर्निचर बनवणाऱ्यांकडेही विचारावे, त्यांच्याकडे उरलेली गुंडाळी असू शकते. नेमके माप आणि मूळ रंग दोन्ही हवे असतील तर अमेरिकेतील किंवा ब्रिटनमधील आर्केडचे सुटे भाग विकणाऱ्यांकडून मागवणे भाग पडते, आणि मग टपालखर्च व सीमाशुल्क पट्टीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकते. तरीही कॅबिनेट मूळ रूपात आणायचे असेल तर मी तोच खर्च करण्याचा सल्ला देईन. रंग ओळखण्यासाठी पट्टीची दर्शनी बाजू पाहू नये. माझी पट्टी बाहेरून मळकट तपकिरी दिसत होती, पण खाचेतून निघालेली दांडी लख्ख लाल होती, कारण तिला कधी ऊन लागलेच नव्हते.

लांबी सुतळीने मोजून त्यावर दहावा हिस्सा जास्त धरावा. बहुतेक खाचा १.६ मि.मी. रुंद असतात. जुन्या पट्टीचे तुकडे आत अडकले असतील तर हॅकसॉच्या पात्याने ते ओढून काढावेत, आणि जिथे बोर्डाचा भुसा सुटला आहे तिथे एपॉक्सी भरून ते सुकल्यावर राउटरने (लाकडात खाच कोरणाऱ्या यंत्राने) खाच पुन्हा पाडावी. हे काम आमच्या मेस्ताने (सुताराने) दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावरच हाती घेतले आणि ते योग्य होते.

पट्टी बसवताना ती कधीही ताणू नये. ताणलेले पीव्हीसी पुढे आखडते आणि टोकाशी फट पडते. गुंडाळी आधी थोडा वेळ उन्हात सरळ पसरावी आणि रबरी हातोडीने हळूहळू ठोकत जावे. बाहेर आलेल्या गोलाईवर दांडीला त्रिकोणी खाचे द्यावे लागतात, नाहीतर ती आत दाटून पट्टीला उचलते. आत वळणाऱ्या गोलाईवर साधे काप पुरतात. सुरुवात पुढच्या बाजूला तळापासून करावी आणि शेवट मागच्या बाजूला तळाशी करावा, म्हणजे दोन्ही टोके नजरेआड जमिनीलगत राहतात.