सीसीआयईला हात घालण्याआधी

सिस्को या नेटवर्क कंपनीचं सीसीएनए हे सुरुवातीचं प्रमाणपत्र झाल्या झाल्या सीसीआयई या तज्ज्ञ पातळीच्या प्रमाणपत्राच्या मागे लागू का, असं विचारतोयस. माझं मत: आत्ता नको. नियमाची अडचण नाही, सिस्को त्यासाठी आधीचं कुठलंच प्रमाणपत्र मागत नाही. पण त्याची लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा ८ तासांची असते. ३ तास डिझाइन, उरलेले ५ उभारणी आणि दुरुस्ती. ओएसपीएफचा (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) शेजारी राउटर एक्सस्टार्टमध्येच, म्हणजे देवाणघेवाण सुरू होण्याच्या टप्प्यातच अडकलाय, तर आधी दोन्हीकडचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बघायचा, हे तिथे क्षणात सुचावं लागतं. चालत्या नेटवर्कवर रात्री-अपरात्री बिघाड शोधल्याशिवाय ती नजर येत नाही, नुसत्या व्हिडिओंनी तर नाहीच.

आधी एनकोर दे. तो सीसीएनपी एंटरप्राइझ या मधल्या पातळीच्या प्रमाणपत्राचा मुख्य पेपर आहे आणि त्याच विषयातल्या सीसीआयई लॅबची पात्रताही त्यानेच मिळते, त्यामुळे पुढे विचार बदलला तरी कष्ट वाया जात नाहीत. मग काही वर्षं मन लावून काम कर. सोबत पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शीक. ऑटोमेशन, म्हणजे नेटवर्कची कामं प्रोग्रामकडून करून घेणं, आता लॅबच्या अभ्यासक्रमातच आहे.

सीसीआयई झाल्यावर मिळणाऱ्या नंबरचं वजन मी कमी लेखत नाही. सल्लागार किंवा डिझाइनच्या कामात तो दारं उघडतो. मात्र मुलाखतीत खोलात प्रश्न येतातच. आणि दर ३ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तेही हिशेबात धर.