चांगथांगची पश्म परदेशी नेण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा मी काळजीपूर्वक वाचला. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या चांगपा पशुपालकांची पश्म, म्हणजे तिथल्या शेळ्यांची मऊ लव, व्यापाऱ्यांच्या लांबलचक साखळीत न अडकता युरोप-जपानमधल्या चोखंदळ खरेदीदारांपर्यंत पोहोचावी, ही तुझी तळमळ मला मनापासून पटते. मात्र आराखड्याची बहुतेक पाने ब्रँड, छायाचित्रे आणि प्रदर्शने यांनी भरली आहेत आणि शेळ्या विंचरण्याच्या दिवसांबद्दल त्यात एक ओळही नाही. या मालाचे मोल त्याच दिवसांत ठरते, म्हणून कामाची सुरुवात तिथून कर, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चांगथांगचे पठार 4,000 मीटरहून उंच आहे आणि तिथला पारा हिवाळ्यात उणे 30 अंशांच्याही खाली जातो. त्या थंडीपायी शेळीच्या राठ केसांखाली 12 ते 15 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीची लव वाढते. उन्हाळ्याच्या तोंडाला ती सुटू लागली की पशुपालक लोखंडी फणीने ती विंचरून घेतात. एका शेळीपासून वर्षाला साधारण पाव किलो माल मिळतो आणि राठ केस, कोंडा व धूळ काढल्यावर त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा कातण्याजोगा उरतो. लडाखचे एकूण उत्पादन वर्षाला सुमारे 50 टन, म्हणजे जगाच्या उत्पादनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. एवढ्याशा मालाला प्रमाणाच्या स्पर्धेत जागा नाही. त्याला भाव मिळेल तो प्रतीवर आणि खात्रीवर.

प्रत राखायची तर प्रतवारी तंबूच्या दाराशीच व्हायला हवी. पांढरी, करडी आणि काळी लव एकाच पोत्यात गेली की ती पुन्हा निवडणे जवळजवळ अशक्य होते, आणि पांढऱ्या लवीला हवा तो रंग चढत असल्यामुळे तिला मिळणारा जास्तीचा भाव त्या मिसळीत बुडतो. पशुपालकाला हे कळत नाही, असे कृपा करून समजू नकोस. आपल्या कळपातली कोणती शेळी कशी लव देते, हे तो तुझ्यामाझ्यापेक्षा अधिक जाणतो. पण खरेदीदार सरसकट वजनावर एकच भाव देत असेल, तर धूळ आणि राठ केसही त्याच भावाने विकले जातात आणि स्वच्छ माल देणाऱ्याचे वजन तेवढे घटते. तेव्हा आधी प्रतीनुसार भाव जाहीर कर, काटा सर्वांसमोर ठेव, प्रत्येक पोत्यावर कुटुंबाची, ठिकाणाची आणि रंगाची चिठ्ठी लाव, आणि त्यानंतरच प्रशिक्षणाचा विषय काढ.

याहून अवघड प्रश्न रोकडीचा आहे. हिवाळ्यात चारा, पीठ आणि मुलांच्या शाळेचा खर्च यांसाठी अनेक कुटुंबे व्यापाऱ्याकडून उचल घेतात आणि विंचरणीच्या वेळी माल त्याच्याच स्वाधीन होतो. त्या व्यापाऱ्याला खलनायक ठरवून काही साधणार नाही, कारण अडीअडचणीला पैसा तोच देतो. तुझा परदेशी ग्राहक माल पोहोचल्यावर काही महिन्यांनी पैसे देणार असेल, तर मधल्या काळाचे खेळते भांडवल कोण उभे करणार, याचे उत्तर तुझ्या आराखड्यात असलेच पाहिजे. लेहमध्ये पश्म उत्पादकांची सहकारी संस्था आणि राठ केस वेगळे करणारे यंत्र आधीपासून आहे. नवी संस्था काढण्याआधी त्यांच्याशी बोल.

निर्यातीत आणखी एक धोका आहे. चिरू या तिबेटी मृगाला मारून मिळणाऱ्या शहातूश या लोकरीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, आणि त्याचे केस मिसळल्याच्या संशयावरून अस्सल पश्मीन्याची, म्हणजे पश्म कातून विणलेल्या कापडाची, शालही सीमाशुल्क खात्यात अडकून पडू शकते. पश्मीन्याची ओळख आणि चिन्हांकन यांसाठी 2019 मध्ये भारतीय मानक आले आहे आणि देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत शालींची तपासणी होते. या तपासणीचा खर्च आणि वेळ पहिल्याच हिशोबात धर.

लडाख आणि तिबेट यांच्यातल्या 1684 च्या तिंगमोसगांगच्या तहाने पश्चिम तिबेटची पश्म लडाखमार्गे काश्मीरकडे जाण्याची घडी पक्की केली. तेव्हापासून लडाखने मुख्यतः कच्चा माल पुरवला आणि कातणे-विणणे काश्मीरमध्ये झाले. आता लडाखी स्त्रिया सहकारी संस्थांतून स्वतः कातू-विणू लागल्या आहेत, याचा मला फार आनंद वाटतो. तरीही 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या काश्मिरी पश्मीन्याला कमी लेखून लडाखचा माल विकू नकोस. त्या विणकराच्या हाती शतकांचे कसब आहे आणि तोही आपल्या मोलासाठी झगडतो आहे.

मागणी वाढली की शेळ्या वाढवण्याचा मोह होईल. मंगोलियात 1990 नंतर कॅशमिअरसाठी, म्हणजे शेळीच्या अशाच मऊ लवीसाठी, शेळ्यांचे कळप झपाट्याने वाढले आणि कुरणांवर मोठा ताण आला. चांगथांगची कुरणे तर आणखी विरळ आहेत. 2013 च्या सुरुवातीच्या बर्फात तिथे हजारो जनावरे चाऱ्यावाचून मेली. चांगथांगमधल्या खरनाकची बरीच कुटुंबे कळप सोडून लेहजवळच्या खरनाकलिंगमध्ये राहायला आली आहेत. त्यांनी पठार का सोडले, हे त्यांच्याच तोंडून ऐकल्याशिवाय कोणत्याही खरेदीदाराला पुरवठ्याचा शब्द देऊ नकोस.

पहिल्या हंगामात एकाच वस्तीवर आणि मोजक्या कुटुंबांबरोबर काम कर. विंचरणी सुरू होण्याच्या बऱ्याच आधी तिथे पोहोच, लडाखी बोलणारी स्थानिक सहकारी सोबत घे, आणि प्रत्येक प्रतीचा छोटा नमुना मायक्रॉन तपासणीला पाठव. ते अहवाल आणि सुधारलेला हिशोब माझ्याकडे आला की कोणत्या खरेदीदाराला आधी लिहायचे, ते आपण मिळून ठरवू.

तुझा हितचिंतक