डोंगरातल्या गावाची हवा हिवाळ्यात का बिघडते?

प्रश्न: डोंगरातल्या एका गावात राहायला जायचा विचार आहे. मे महिन्यात हवा छान वाटली, पण जानेवारीचे पीएम २.५ चे (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे) आकडे शहराच्या तोडीचे दिसतात. आकडे चुकीचे आहेत का?

उत्तर: बहुधा बरोबर आहेत. गाव किती उंचावर आहे यापेक्षा ते कसं वसलंय ते आधी बघा: चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोलगट खोऱ्यात, की मोकळ्या सोंडेवर? उंची तीच असली तरी हिवाळ्यात या दोन ठिकाणच्या हवेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एरवी वर जाऊ तसं तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. जमिनीलगतची तापलेली हवा वर चढते आणि धूरही घेऊन जाते. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री मात्र जमीन झपाट्याने निवते, तिला टेकलेली हवा थंड आणि जड होते आणि उतारावरून घरंगळत तळाशी साचते. शाळेत शिकलेले पर्वतीय वारे ते हेच. पहाटेपर्यंत खाली गार हवेचं तळं आणि त्यावर उबदार थराचं झाकण अशी स्थिती होते. ही तापमानाची विपरितता. झाकण कधीकधी तळापासून जेमतेम शंभर-दोनशे मीटरवर असतं. शेकोट्या, चुली, डिझेलच्या गाड्या, जाळलेला कचरा, सगळ्यांचा धूर मग तेवढ्याच जागेत कोंडतो. म्हणून गाव लहान आणि आकडा मोठा!

बर्फ पडत असेल तर आणखी वाईट. बर्फ ऊन परतवतं, जमीन तापत नाही आणि झाकण दुपारीही उघडत नाही. जोराचा वारा येईपर्यंत धूर दिवसेंदिवस साठत राहतो. डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या खोऱ्यात आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा गावात कारखान्यांचा धूर असाच अडकला. पहिल्या ठिकाणी सुमारे ६०, दुसऱ्या ठिकाणी २० माणसं दगावली.

दिवसभराचं गणितही समजून घ्या. ऊन चढलं की झाकण फुटायला लागतं, पण त्या वेळी वर अडकलेला धूर आधी खाली मिसळतो. म्हणून सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास हवा सुधारण्याऐवजी थोडा वेळ बिघडू शकते. नंतर दरीय वारे सुटतात आणि खोऱ्यातला धूर उतारावर चढवतात. तळापासून शंभर-दीडशे मीटर वरचं घर रात्री आणि पहाटे झाकणाच्या वर राहिलं, तर चांगलंच. पण मध्यान्हीच्या आधी खालचा धूर त्याच्याही दारात येतो. खिडक्या उघडायला साधारण दुपारी एक ते चार ही वेळ बरी. पहाटेच्या ‘ताज्या’ हवेत फिरायला जाणं हिवाळ्यात खोऱ्याच्या तळाशी तरी टाळा.

पावसाळ्यात फारसं काही बघायचं नसतं, पाऊस बरंच काही धुऊन नेतो. मात्र धुळीचे मोठे कण जितके सहज धुतले जातात तितके पीएम २.५ चे नाहीत. उन्हाळ्यात काळजी वणव्यांची आणि ओझोन या श्वासाला त्रासदायक वायूची. वणव्याचा धूर शेकडो किलोमीटरवरूनही येतो आणि रात्री खोऱ्यात बसतो. ओझोन उलटा वागतो: खाली गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला रात्री खाऊन टाकतो, कड्यावर मात्र तो रात्रभर टिकतो.

घरात लाकूड जाळणार असाल तर ते वाळलेलं, २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं हवं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते आणि लाकूड धुमसतं. रात्रभर टिकावं म्हणून बंबाची किंवा शेगडीची हवा पार बंद करण्याचा परिणामही तोच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा धोका. एअर प्युरिफायर घेताना खोलीचं घनफळ काढा: ३० घनमीटर खोलीला तासाला पाच वेळा हवा गाळायची तर तासाला १५० घनमीटर क्षमता लागते. जाहिरातीतल्या चौरस फुटांवर जाऊ नका.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. घरगुती लेझर सेन्सर धुक्यात फसतात, कारण ओलावा शोषून फुगलेले कण त्यांना मोठे दिसतात. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना आलेला आकडा तसाच धरू नका. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस लक्षात ठेवा: पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम.

घर पक्कं करण्याआधी जानेवारीत, सलग दोन-तीन दिवस वारा पडलेला असताना तिथे जा. सकाळी सातला धुराड्यांकडे बघा. धूर थोडा वर जाऊन आडवा पसरत असेल तर झाकण तिथेच आहे. मग थर्मामीटर घेऊन तळापासून दीडशे मीटर वर चढा. पारा एखाद्या अंशाने उतरायला हवा. चढला, तर धूर आडवा पसरतो त्या रेषेच्या वर घर शोधा.