सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी विशेषणांतून नेमके कोणते निवडावे?

परदेशी जाण्याच्या तयारीत तुम्ही समानार्थी इंग्रजी विशेषणांच्या याद्या पाठ करीत आहात, परंतु 'बिग', 'लार्ज' आणि 'ग्रेट' यांतले कोणते केव्हा वापरावे हे त्यांवरून ठरत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ते ठरणारही नाही, कारण या शब्दांतला फरक अर्थापेक्षा सोबतीत अधिक असतो. प्रमाण सांगताना 'लार्ज अमाउंट' म्हणतात, निर्णय मोठा असेल तर 'बिग डिसिजन' आणि आनंद असेल तर 'ग्रेट प्लेझर'. चहा 'स्ट्राँग' असतो, संगणक मात्र 'पॉवरफुल'. आपणही थंडी कडाक्याची आणि ऊन रणरणते म्हणतो, त्यांची अदलाबदल करीत नाही, आणि तो नियम आपल्याला कोणी शिकवलेला नसतो. शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, असे जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये लिहिले, ते विशेषणांना तंतोतंत लागू पडते.

परदेशात राहू लागल्यावर मला सर्वांत निकडीची वाटलेली जोडी 'सिक' आणि 'इल' ही आहे. अमेरिकेत कोणत्याही आजारपणाला 'सिक' चालते. ब्रिटनमध्ये मात्र 'आय वॉज सिक' म्हटले तर ऐकणारा बहुधा उलटी झाली असे समजेल, म्हणून तिथे साध्या आजारपणाला 'इल' म्हणावे. तरीही नामाच्या आधी येताना दोन्हीकडे 'सिक चाइल्ड' असेच म्हणतात, कारण या अर्थाने 'इल' सहसा क्रियापदानंतर येते. डॉक्टरांसमोर हा फरक खरोखर महत्त्वाचा ठरतो.

दुसरी गोष्ट, विशेषणात स्तुती आहे की निंदा, हे आधी पाहा. 'स्लिम' म्हणणे हे कौतुक, 'स्किनी' म्हणणे बहुधा बोचणारे. 'चीप' म्हटले की किमतीबरोबर दर्जाही हलका ठरू शकतो. 'इनएक्स्पेन्सिव्ह' फक्त किमतीबद्दल बोलते. 'होमली'च्या बाबतीत तर देशानुसार स्तुतीची निंदा होते: ब्रिटनमध्ये साध्या, आपुलकीच्या घराला ते शोभते, पण अमेरिकेत एखाद्या व्यक्तीला तसे म्हणणे म्हणजे ती दिसायला सुमार आहे असे सांगणे होय.

याद्यांऐवजी परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश घ्या. ए. एस. हॉर्नबी यांचा असा कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रथम छापला गेला आणि आजचा ऑक्सफर्डचा विद्यार्थी कोश त्यातूनच वाढला. अशा कोशातली उदाहरणवाक्ये व्याख्येइतकीच काळजीपूर्वक वाचावीत, असे माझे ठाम मत आहे. रॉजेटचा १८५२ चा थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणारा कोश, थोर ग्रंथ आहे, परंतु ज्याला शब्दांतले भेद आधीच ठाऊक आहेत त्याला तो उपयोगी. तुमच्या वहीत विशेषण एकटे लिहू नका. त्याचे नाम शेजारी लिहा, आणि अर्थ देशागणिक बदलत असेल तर देशही नोंदवा. सुरुवात आजारपण, स्वभाव आणि पैसा यांच्या विशेषणांपासून करा, कारण पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टर, घरमालक आणि सहकारी यांच्याशी बोलताना तीच लागतात.