रद्दीत मिळालेले जुने फोटो कॉम्प्युटरवर चित्रासारखे रंगवले तर ती कला की फसवणूक? आणि त्यासाठी कुठलं ॲप चांगलं?

कला. आणि फसवणूक म्हणाल तर आमच्या घरात ती दोन पिढ्या चाललीय.

बाबांचा खानापूरला स्टुडिओ होता. ब्लॅक अँड व्हाइट फोटो ते हातानं रंगवायचे. काडीला कापूस गुंडाळून गालांवर गुलाबी, मग बारीक ब्रशनं साडीचे काठ. कुणी वारलं आणि त्याचा आयुष्यात एकही फोटो नसला, की घरचे बाबांना बोलवायचे. मयताला टेकवून बसवून फोटो, आणि नंतर मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवायचे. फोटो हातात घेऊन लोक रडायचे. फसवलं असं कुणी म्हटलं नाही.

मला मात्र थोरला दादा अजून ऐकवतो, "बाबांची ती कला, तुझं नुसतं बटण दाबणं."

बेळगावात खडेबाजारात रद्दीवाल्याकडे ३० रुपयांना एक फोटो मिळाला. गोकाकच्या धबधब्यापुढं उभी एक बाई, मागं कानडीत 'नम्म अक्का, गोकाक', म्हणजे 'आमची अक्का'. स्कॅन करून फोटोशॉपचा ऑइल पेंट फिल्टर सरळ मारला, तर जुन्या फोटोचा दाणा, म्हणजे बारीक ठिपके, फिल्टरला ब्रशचे फटकारे वाटले आणि अक्काच्या गालावर भोवरे उठले. मग आधी दाणा घालवला. रंग एकमेकांत मिसळणाऱ्या मिक्सर ब्रशनं पाणी खाली ओढलं, आकाश आडवं, पदर हळदी केला. चेहऱ्यावर तीन रात्री घालवल्या आणि शेवटी होता तसाच ठेवला. जिचं नावही ठाऊक नाही, तिचं नाक सरळ करणारा मी कोण? दादानं बघितलं आणि विचारलं काय, तर "कुठला फिल्टर?"

ॲप कुठलंही घ्या, फक्त एका टिचकीत सगळं करून देणारं नको. त्याला गाल आणि भिंत सारखीच.

हां, विकायचं असेल तर जपून. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं काढून घेणाऱ्याचा. रद्दीवाल्याला ३० रुपये दिले म्हणून तो तुमच्याकडं येत नाही. माझी अक्का म्हणूनच अजून घरीच आहे.

आणि दादाच्या हॉलमध्ये आजोबांचा फोटो आहे, त्यातले डोळे बाबांनी काढलेले. रोज सकाळी त्यापुढं उदबत्ती दादाच लावतो.