गव्हर्नरची मुलगी फासापर्यंत कशी पोचली?

प्रश्न: झार अलेक्झांडर दुसरा याच्या हत्येत एका गव्हर्नरची मुलगी पुढे होती असं वाचलं. घरी सगळं असताना ती या वाटेला गेलीच कशी, आणि नंतर पळून का नाही गेली?

उत्तर: ती सोफिया पेरोव्स्काया, जन्म 1853 चा. वडील काही काळ सेंट पीटर्सबर्गचे गव्हर्नर होते हे खरं, पण घरी सगळं होतं असं नाही म्हणता येणार, कारण वडील आईचा सतत पाणउतारा करायचे आणि सोफिया कायम आईच्या बाजूने. 1869 ला मुलींच्या शिक्षणासाठी अलार्चिन वर्ग निघाले, तिथल्या मैत्रिणी वडिलांना खपेनात, संबंध तोड म्हणाले, तर पोरीने घरच सोडलं. माझ्या मते बंड इथे सुरू झालं, झार फार नंतर आला.

आणि लगेच बॉम्बही नाही हं. आधी समारा प्रांतात खेडोपाडी देवी टोचत फिरली. 1874 ला सरकारविरोधी प्रचाराच्या संशयावरून अटक झाली, अशाच 193 जणांवर चाललेल्या खटल्यात निर्दोष सुटली, तरी सरकारने पुन्हा धरून हद्दपार केलं, ती वाटेतच पहाऱ्यातून निसटली आणि मग ‘नारोदनाया वोल्या’ या झारला मारायला निघालेल्या गुप्त क्रांतिकारी संघटनेत गेली. निर्दोष सुटलेल्या माणसाला असं वागवल्यावर दुसरं काय होणार!

हत्या झाली 1 मार्च 1881 ला (जुनं रशियन कॅलेंडर), त्याच्या दोनच दिवस आधी तिचा साथीदार झेल्याबोव पकडला गेला. सूत्रं हिने हातात घेतली, झारने रस्ता बदलला तशी बॉम्बवाल्यांना कॅथरीन कालव्यावर उभं केलं आणि रुमाल हलवून खूण केली. त्या स्फोटांत झारबरोबर रस्त्यावरचा एक पोरगाही गेला, याचं समर्थन मला नाही करता येत.

साथीदार शहर सोड म्हणून मागे लागले होते, पण झेल्याबोवला सोडवायचं म्हणून ही थांबली आणि 10 मार्चला नेव्स्की रस्त्यावर सापडली. तुरुंगातून आईला पत्र लिहिलं त्यात मागितलं काय तर एक कॉलर आणि बटणांच्या बाह्या, कोर्टात कपडे जरा नीट दिसावेत म्हणून, कफलिंक्स घालू देत नव्हते ना. सरकारी वकील मुराव्योव, तो तर लहानपणी तिच्यासोबत खेळलेला! त्याने फाशीच मागितली. 3 एप्रिलला झाली, वय 27, राजकीय गुन्ह्यासाठी रशियात फाशी गेलेली पहिली बाई.

बरं, लोकांच्या प्रतिनिधींना सल्लामसलतीत घ्यायच्या, गृहमंत्री लोरिस-मेलिकोवच्या योजनेला झारने हत्येच्याच दिवशी सकाळी मंजुरी दिली होती, ती नव्या झारने गुंडाळून ठेवली.