सिअ‍ॅटलजवळ पहिल्यांदा सॅमन मासे धरायला निघताय? आधी रॅम्प आणि वेळ ठरवा

नवी बोट घेतलीत आणि सॅमनसाठी कुठून, कधी निघायचं असा प्रश्न पडलाय? अभिनंदन, बोट घेतलीत ते मस्त झालं! पण पहिल्याच वर्षी सगळा प्युजेट साउंड (सिअ‍ॅटललगतची खाडी) पालथा घालायला जाऊ नका, एकच रॅम्प (ट्रेलरवरून बोट पाण्यात सोडायचा उतार) धरा आणि तो नीट ओळखीचा करा. माझं मत विचाराल तर एव्हरेट गावचा टेन्थ स्ट्रीट लाँच हा रॅम्प, कारण बोटी सोडायला भरपूर लेन आहेत आणि समोर जेटी आयलंड असल्यामुळे लाटा आत येत नाहीत. मुकिल्टिओ गावचा रॅम्प मासे मिळण्याच्या जागेला जवळ आहे खरं, पण तो रॅम्प उघड्यावर, वारा सुटला की नवख्या माणसाची बोट ट्रेलरवर चढता चढत नाही, ते पुढच्या वर्षी बघा.

वेळेचं म्हणाल तर कोहोसाठी (सॅमनची एक जात) सप्टेंबर, आणि उजाडायच्या आत पाण्यात, कारण अंधुक उजेडात कोहो वरच्या पाण्यात असतो, ऊन चढलं की खाली जातो. भरती-ओहोटी बदलते त्याच्या आगेमागे जाळी हाताशी ठेवा. चम ही सॅमनची दुसरी जात हवी असेल तर नोव्हेंबर.

नवीन लोक हमखास चुकतात ते हे:
- रॅम्पवरच सामान लावत बसतात. पट्टे सोडणं, ड्रेन प्लग (बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच) लावणं सगळं पार्किंगमध्येच उरका.
- नियम बघत नाहीत. सीझन मध्येच बंद होतो, त्यामुळे आदल्या रात्री मासेमारी खात्याची साइट बघाच, गळाचा काटा बिनदात्याचा (उलटा दात नसलेला) लागतो आणि सोडायचा वाइल्ड (हॅचरीत न जन्मलेला) मासा बोटीत घ्यायचाच नाही.
- धुकं असताना निघतात. थांबा हो तासभर, मोठ्या फेरीबोटी चालू असतात तिथे.

डाउनरिगर (गळ खोल नेणारं यंत्र), फ्लॅशर (मासा खेचणारी चकचकीत पट्टी) वगैरे नंतर बोलू.